उभ्या गाडीतला गारवा

दुरुस्तीला आलेल्या गाडीत मागच्या सीटवर उशी. दारात पाण्याच्या तीन बाटल्या. पुढे सोडवलेली शब्दकोडी. मेच्या उन्हात गॅरेजच्या बाकावर आपल्या गाडीची वाट बघत बसलेल्या शिक्षिकेला मेकॅनिकचं त्या गाडीच्या जोडप्याशी चाललेलं बोलणं ऐकू येत होतं.

“वहिनी, एसीचा गॅस ठीक आहे. पुढचा पंखा जळलाय. गाडी धावून नाही, उभ्या उभ्या एसी चालवून दमलीय.”

“उभ्या उभ्या? हे रोज ऑफिसला नेतात!”

“मीटर बघा, वहिनी. गेल्या सर्व्हिसपासून फारशी फिरलेलीच नाही.”

“अहो, कुठे उभी असते?”

“तळ्याकाठी.”

“दिवसभर?”

“सहापर्यंत.”

“आणि डबा?”

“गाडीतच खातो.”

“साहेब, नवीन पंखा टाकू?”

“राहू द्या, दादा. अहो, दुपारी आपलं घर गार असतं. उद्यापासून ताटात जेवा.”

नवऱ्याच्या कंपनीला फेब्रुवारीतच टाळं लागलं होतं.