जांभळ्या अवकाशातलं माझं यान

...आणि वर मलाच विचारतात, "मॅडम, तुम्हाला रंगांचं वावडं आहे का?" मला! तुम्हाला सांगते, अवकाशातल्या लढाईचा व्हिडिओ गेम आमचा, त्यातली यानं मी काढते, सोळा वर्षं चित्रं काढून पोट भरतेय, आणि ज्यांना दोन पायांत एका रंगाचे मोजे घालता येत नाहीत ते आमचे साहेब मला रंग शिकवणार. म्हणे अवकाश जांभळं करा. का? वर कोणी दिवे लावून ठेवलेत? अवकाश काळं असतं हो, काळं. शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

पण साहेबांनी विक्रीवाल्या बाईंचं मत घेतलं, बाईंनी मान तिरकी केली, "काळं ना... जरा उदास वाटतं," की झालं. जांभळं आलं, पाठोपाठ गुलाबी ढग आले, ढगांना सोनेरी कडा आली, नुसता वाढदिवसाचा केक, आणि त्यात आम्ही घनघोर लढाई करायची. गोळी सुटते तीही पोपटी. आवाज काय, तर "प्यूं".

जाऊ दे, मी गिळलं सगळं, कारण माझा जीव माझ्या यानात अडकलेला. माझे बाबा वेल्डर. चाळीस वर्षं पत्रे जोडले, आता हात थरथरतात म्हणून घरी बसलेत. त्यांचा जोड म्हणजे काय सांगू, माशाच्या खवल्यांसारखा, एकाला एक लागून. तसाच्या तसा जोड मी यानाच्या नाकावर काढला. सात महिने घातले त्यात. पोचे काढले, गंज काढला, काचेमागे चालकाचा चहाचा कपसुद्धा काढला. आणि बाबांना सांगून बसले, "बाबा, तुमचा जोड आता जग बघणार." तेव्हापासून दर रविवारी त्यांचं एकच, "आला का गं तुझा गेम?"

सात महिन्यांनी यान गेममध्ये बसवलं, सगळं ऑफिस जमलं, खेळ सुरू झाला आणि पडद्यावर काय दिसावं... यानाची पाठ. म्हटलं, वळवा की जरा. तर कॅमेऱ्याचं काम बघणारा थंडपणे सांगतो, "मॅडम, खेळणारा यानाच्या मागेच असतो. अख्खा गेम." अख्खा गेम मागून! मी सात महिने नाक रंगवतेय आणि एका मेल्याने सांगू नये की इथे नाक कोणाला दिसतच नाही? म्हणे, "आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत असेल." आणि पाठीवर मी काय काढलं होतं? धुराची दोन भोकं.

साहेब म्हणाले, "मग काढूनच टाकू हे यान." रविवारी बाबांना काय तोंड दाखवू? आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, "साहेब, समोरून येणाऱ्याचं नाक दिसतं ना? मग हे शत्रूला देऊन टाका." साहेब खूश. "पण मागे जांभळंच राहील हं." राहू दे. अवकाश काळं असतं, पण ऐकतो कोण?

तर आता माझं यान समोरून येतं, अर्धा सेकंद दिसतं, प्यूं, खलास.

रविवारी बाबांना पडद्यासमोर बसवलं. यान आलं, मी बोट दाखवेपर्यंत फुटलं. बाबा चष्मा पुसत, "कुठे गं?" पुन्हा आलं, पुन्हा फुटलं. "थांबव ना जरा." थांबवलं की पडदाभर विक्रीवाल्या बाईंची जाहिरात येते. म्हटलं, माझ्याकडचं चित्र दाखवते, तर "ते नको, जगाला दिसणार ते दाखव." आणि दुसरं यान येण्यासाठी पहिलं फोडावंच लागतं, नाहीतर ते आपल्याला फोडतं. मग काय, "परत आण" म्हटलं की मी फोडतेय, "परत आण", फोडतेय, सात महिन्यांची मेहनत मी माझ्या हातांनी त्रेसष्ट वेळा उडवली हो.

त्रेसष्टाव्या वेळी बाबा पुढे वाकले. हात पडद्यावर टेकवला. म्हणाले, "माझाच जोड आहे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग जरा मागे सरकले आणि म्हणाले, "मागे जांभळं घेतलंस ते फार डोक्याने केलंस हं. काळ्यावर हा जोड मेला दिसलाच नसता."

म्हटलं, "हो बाबा. मीच सुचवलं होतं."