पिलाला शिकवलेलं नाव

जमना : नवशाच्या जुन्या टोपलीत काय लपवून ठेवलंस गो? मघापासून फुसफुसतंय. जनावर तर नाय ना शिरलं?

वत्सला : आई, हळू बोला. साप नाय.

जमना : मग काढ झाकन. बघू दे... अग्गोबाय. हे घुबडाचं पोर हाय.

वत्सला : होय.

जमना : होय काय होय? वाऱ्यानं अर्धी कौलं नेली, बाकीच्यांच्या बोटी बंदराला लागल्या, एक धर्माजीची तेवढी लागली नाय. आनि तिच्यावर आपला मानूस. अशा वक्ताला तू घरात घुबड पाळतेस? माहेरी मासवनला हेच शिकलीस?

वत्सला : आई, तुमी आत्ता त्याच्यासमोर नाव घेतलंत.

जमना : कोनाचं?

वत्सला : त्यांचं. टोपली कुणाची ते बोललात ना.

जमना : मी? नाय... घेतलं का मी?

वत्सला : घेतलंत.

जमना : मेले गो बाय. माजी जीभ झडो. तू त्याची बायको, तू जन्मात नाव घेत नायस. आनि मी त्याची आय, घुबडापुढं पयलं त्याचंच घेतलं.

वत्सला : लहान आहे हो अजून. त्याला काय कळतंय.

जमना : लहान हाय म्हनूनच तर शिकतं. शेजारच्या गोदूबाईच्या दिराला अंगनातून नुसती हाक मारली व्हती, ‘जेवाय ये’ म्हनून. वर चिंचेत घुबड. मग रोज काळोख पडला का तेच नाव घेऊन ओरडायचं. मानूस बघता बघता खाटेला लागला, उठला नाय. मी त्याच्या तिरडीला गेलेली हाय पोरी, मला सांगू नको.

वत्सला : मग आता काय करायचं?

जमना : फेकून ये. खाडीपलीकडं नेऊन टाक.

वत्सला : टाकलं तर कावळे फाडतील. मरंल.

जमना : मरू दे.

वत्सला : ते नाव पोटात घेऊन मेलं तर? नाव कुठं जाईल, आई? मला तर तीच भीती आहे.

जमना : तू मला असलं काय बोलू नको. ह्या पोरासाठी मी डहानूच्या महालक्ष्मीचा डोंगर अनवानी चढलेय. नवस केला तवा झाला, म्हनून तर तसं नाव ठेवलं. आनि तू ह्याला घरात आनलंस तरी कशाला? खरं सांग.

वत्सला : तुमी रागावाल.

जमना : रागावायला माज्यात जोर कुठं हाय आता. बोल.

वत्सला : बोटीवर जायचे त्या पहाटे हे ताडाखालनं निघाले, तर वर घुबड ओरडलं. दर्यावर जाताना अपशकुन झाला म्हणून ह्यांनी हातातला दगड मारला. जाळ्याला बांधतात तो. नेम बसला. खाली पडलं ते हललंच नाय.

जमना : देवा.

वत्सला : हे बोलले, कोणाला सांगू नको, आणि गेले. उजाडल्यावर मी त्याला तिथंच पुरलं, दगडासकट. तर ताडाच्या ढोलीतनं फुसफुस ऐकू आली. ती ह्याची आई होती. मी शिडी लावून ह्याला काढलं. मनात बोलले, ह्यांनी ह्याची आई मारली, मी ह्याला जगवते. हे जगलं तर तेपण परत येतील.

जमना : असा सौदा मांडलास व्हय? कोनाशी?

वत्सला : ते मला पण माहीत नाय. पण मांडला.

जमना : काय खातं ते?

वत्सला : आधी दुधात भात कालवून दिला, तर ठसकलं, नाकातनं दूध आलं. मी एवढी घाबरले. मग ओला बोंबील दिला बारीक करून. तो घेतला, पण पोट भरत नाय त्याचं.

जमना : दूध? पाखराला कोन दूध पाजतं का? त्याच्या आईला काय आचळ व्हते? जाळ्याच्या खोपीत पिंजरा लाव. मेले उंदीर जाळी कुरतडून खातात, त्यातला एक दे. कातड्यासकट दे, सोलत बसू नको.

वत्सला : म्हणजे राहू दे त्याला?

जमना : राहू दे. पन आजपासून ह्या घरात त्याचं नाव नाय. मी पन ‘ते’ म्हनीन.

वत्सला : मुलाला ‘ते’ म्हणणार?

जमना : म्हनीन. हसू नको. बोट लागू दे, मग आपन दोघी हसू.

(काही दिवसांनी. दुपार. वारा पडला आहे, धर्माजीची बोट अजून आलेली नाही.)

जमना : पोरी, इकडं ये आधी. ह्यानं काळा गोळा ओकलाय. आत हाडं हायत गो, केस हायत. कोनी काय केलं का ह्या घरावर?

वत्सला : कोणी काय केलं नाय आई. कालचा उंदीर तो. पचत नाय तेवढं बाहेर काढतं. रोज काढतं.

जमना : रोज? आनि मी करनी समजून देवापुढं नारळ ठेवून आले. बघ तरी कसं बघतंय, नुसतं तोंडच तोंड. चांगलं गरगरीत झालंय.

वत्सला : पंख फुटलेत. काल टोपलीच्या काठावर बसलं.

जमना : म्हनजे उडंल आता.

वत्सला : हो.

जमना : आनि ओरडंल पन. पोरी, एक इचारते. तू भरवताना त्याच्याशी काय पुटपुटतेस? मी दोनदा भिताडामागनं ऐकलं. तोंडात घास दिला का बोलतेस.

वत्सला : काय नाय. असंच.

जमना : माज्याशी खोटं बोलू नको. त्याचं नाव तर घेत नायस?

वत्सला : नाय, नाय. शपथ. त्यांचं नाय.

जमना : मग कोनाचं? बोल, वत्सला.

वत्सला : तेच.

जमना : काय तेच?

वत्सला : माझंच घेते. एकदा ऐकलेलं नाव ते शिकलं असंल, तर रोज ऐकलेलं त्याहून पक्कं शिकंल. घासागणिक सांगते, वत्सला, वत्सला. पहिलं पुसून जाईल.

जमना : तुजी मती फिरली काय?

वत्सला : मला पण भीती वाटते आई. काल ते माझ्याकडं बघून चोच वाजवायला लागलं तर मी झाकण टाकून बाहेर पळाले. पण ते परत आले नाय तर मी तरी काय करू?

जमना : तुजं वय काय, तू बोलतेस काय. हो बाजूला. दे ते ताट इकडं.

वत्सला : काय करताय?

जमना : चूक कोनाची? जीभ माजी सैल सुटली. निस्तरायची मी. तू पुन्हा ह्याच्याजवळ तोंड उघडलंस तर बघ.

वत्सला : आई, नको. मी तुमच्या पाया पडते.

जमना : माजे केस पिकले गो. मी सगळं बघितलं. तुजं अजून काय बघून झालंय? ये रं बाळा, आ कर. हां. गिळ. जमना. कळलं? जमना.

गोदूबाई : (बाहेरून) जमने, वत्सला, चला गो. खाडीच्या तोंडाशी डोलकाठी दिसतेय. भगवा बावटा हाय, धर्माजीचाच असनार.

वत्सला : आई... आई, चला.

जमना : तू पळ.

वत्सला : तुमी?

जमना : बावटा दिसला, मानूस नाय दिसला. तू जा, बघ, आनि वाळूवरनंच कायतरी ओरड... नाय, ओरडू नको. नुसती ये. हां, बाळा, तू खा. एवढा राहिलाय. आ कर. जमना बोल. आय गेली तुजी, मला ठाव हाय. माजा मानूस समिंदरात गेला तवा माजं पोर पन असंच आ वासून बसायचं. तू वाईट नायस. पन तुला बोलायचंच असंल तर एवढंच बोल. दुसरं काय नको. जमना. जमना.

नवशा : (थोड्या वेळानं, दारातून) आये, मी आलो. सगळं गाव वाळूवर जमलं, तू तेवढी नाय.

जमना : आलास. सुकलास किती. हाताला काय लागलंय?

नवशा : दोर कापला. इंजिन बंद पडलेलं, जाफराबादच्या बोटीनं ओढून नेलं आमाला. हे... आये, हे काय घेऊन बसलीस मांडीवर?

जमना : तुला ठाव हाय हे कोनाचं.

नवशा : म्हंजे वत्सलानं सांगितलं तुला. वादळात धर्माजी बोलला, कोनी काय पाप केलं असंल तर कबूल करा. मी गप बसलो. लय भ्यालो गो.

जमना : आता घरी आलास ना. आता भिऊ नको. माजी सून कुठाय?

नवशा : येतेय, माजी बोटीवरची टोपली घेऊन. आये, रागावलीस काय? आल्यापास्न एकदा पन नाव घेऊन हाक मारली नायस.

जमना : नाय रं, रागावू कशाला.

नवशा : मग मला सोडून त्याच्याच कानाशी काय बोलतेस?

जमना : काय नाय. चुलीवर भात हाय, कढत हाय तवर जेवून घे.