बिनचूक

नाही नाही, तुमचा फोन राहू दे तिथेच टेबलावर. त्यातलं ते कंपनीचं एआय आपलं बोलणं टिपून घेतंय ना, घेऊ दे — मी काय चोरी केलेली नाही. तर काय सांगत होतो, तूबाला काढू नका. आम्हा दोघांतलं एक माणूस कमी करायला पुण्याहून रत्नागिरीपर्यंत आलात, तर माझं ऐकून तरी घ्या. चहा घ्या, निवतोय.

आमचं काम म्हणजे कसं — इस्पितळांचं सॉफ्टवेअर, पेशंटांचे रिपोर्ट त्यात. नवं काही सर्व्हरवर चढवायचं तर ते मी इथनं चढवणार, आणि चोराला कुठे फट राहिलेय का ते तूबा बघणार, तिकडे केळशीतनं. चढवायच्या आधी फोन, हा आमचा शिरस्ता. मी एकेक बदल वाचायचा, तिने खोडी काढायच्या. भांडायची हो — सुजयदादा, डोळे घरी ठेवून आलास काय, असं विचारायची, वयाने एवढी लहान असून. मग तुमचं एआय आलं. आता तेच तपासणार, तेच हिरवी खूण करणार, मी नुसतं बटण दाबायचं. फोनबिन बंद, वेळ फुकट जातो म्हणे. बरं, आम्ही कुठे नाही म्हटलं?

आणि तुम्ही म्हणता, वर्षभरात त्याची एकही चूक नाही. कशी असेल? अहो, गणपतीच्या सुमाराला त्याने एका इस्पितळाचे सगळे रिपोर्ट कुणालाही उघडता येतील असे ठेवलेन, वर हिरवी खूण केलीन. तूबाने पकडलंन. कसं म्हणजे — फोनवर. मी वाचत होतो, ती म्हणाली थांब, परत वाच — मग आम्ही गुपचूप दुरुस्त केलं. म्हणजे कधीतरीच हां, असं कधीतरी — कधीतरी कसलं, रोज. रोज बोलायचो, आपापल्या घरच्या फोनवरनं. वर कळवलं नाही, कारण कळवलं तर विचारणार, फोन बंद केलेत तर तुम्हाला कळलं कसं? त्याच्या चुका आम्ही निस्तरल्या, बिनचूक ते ठरलं, आणि आता त्याच्यापायी तिलाच काढताय. चीड येते हो. तुमची नाही, आमचीच.

तिचे अब्बा अंथरुणाला खिळलेत, घरात दुसरं कोणी नाही. केळशी सोडून ती कुठे जाणार नोकरी शोधायला? हवं तर मला काढा. मी बघेन काहीतरी — काय बघणार म्हणा, चाळिशी उलटली, पण तिला ठेवा. थांबा, ते इस्पितळाचं प्रकरण दाखवतोच तुम्हाला, सगळं आहे इथे लॅपटॉपवर —

हे काय, आत घेत नाहीये. पासवर्ड तर हाच. 'परवानगी रद्द. कारण: नियमाबाहेरची तपासणी. सुजय, तूबा.' आत्ता? तुम्ही तर कशाला हातसुद्धा लावला नाहीत, समोरच बसलाय माझ्या. मग कोणी — फोनकडे काय बघताय?

थांबा, तिचाच आला. हां, बोल तूबा. हो, माझंही बंद झालं. नाही गं, कोणी चुगली नाही केली. मीच — मी तुझ्यासाठीच बोलत होतो गं. ऐक तरी. तूबा?

ठेवलंन.

तो फोन उचला आधी टेबलावरनं. आणि निघा तुम्ही.