चौथा बांबू

पाण्यावर उतरणारं विमान म्हटलं की तुम्हाले वाटते मी फेकून राहिलो. पण उमरेडच्या पुढे एका तलावावर मी ते उतरताना पाह्यलं गा, सत्तरच्या आसपास. सर्व्हेच्या ऑफिसात मी नवीन क्लार्क होतो अन् माझं काम एकच होतं. काठावर ओला कडबा पेटवायचा, म्हणजे धूर पाहून पायलटले वाऱ्याची दिशा कळेल.

विमान आलं, एक चक्कर मारली, अन् माझ्या धुराच्या हिशोबानं पार उलट्या बाजूनं उतरायले लागलं. पण टेकलं अलगद.

काठावर येताच पायलट भडकला. "धूर खोटा होता तुझा! इथे टेकडीच्या आडोशाला वारा उलटा फिरतो. त्याच्या भरवशावर उतरलो असतो तर पाण्यात उलटलो असतो. नशीब, तलावाच्या मधे तीन झेंडे लावले होते तुम्ही, त्यांच्यावरून खरा वारा कळला."

मी म्हटलं, "साहेब, झेंडे आम्ही नाही लावले."

बाजूले एक म्हातारा ढिवर जाळं गुंडाळून राहिला होता. तो म्हणे, "ते झेंडे नाही, बाप्पा. वाऱ्यानं डोंगा उलटून जिथं माणूस बुडते, तिथं आमी बांबू रोवतो. वर त्याच्याच कपड्याचा तुकडा बांधतो."

मग पायलटले म्हाताऱ्याच्या पायाजवळ चौथा बांबू दिसला. ताजा तोडलेला, कापड न बांधलेला.

"हा कोणासाठी?"

म्हातारा त्याच्या शर्टाकडे पाहत म्हणाला, "सकाळीच आयकलं, तुमी येऊन राहिले म्हणून."