'दार बंद' असा शेरा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या सरपंच रक्षाताई लाखे. वर्ध्याहून मुद्दाम आलेले डाक निरीक्षक ओमप्रकाश साहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते चंद्रभानभाऊ भोयर, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या वहिनी. आणि पंख्याखालच्या जागा आधीच धरून बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो, तुम्हा सर्वांना अंगणवाडी सेविका मोहिनी उरकुडे हिचा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. चाळीस पोरांना गप्प करता येतं मला, स्वतःला करता येत नाही, तेव्हा अध्यक्षांनी घंटा हाताशी ठेवावी.

चंद्रभानभाऊंनी एकतीस वर्षं या गावात डाक वाटली. कुणाच्या नोकरीचा कॉल, कुणाचं आधार कार्ड, कुणाची राखी. त्या सगळ्यावर आधीचे वक्ते बोलले. मी बोलणार आहे ती अशा एका पाकिटाबद्दल, जे मला नको होतं.

दोन वर्षांपूर्वी आपल्या नाल्याचं पाणी जांभळं झालं, आठवतं ना? वरच्या अंगाला कापड रंगवण्याचा कारखाना आला आणि माझ्या वजनाच्या रजिस्टरात पोरांच्या नावापुढं 'अंगाला खाज' असं लिहायची पाळी आली. बारा पोरं होती. आपण सात जणांनी सह्या करून प्रदूषण मंडळाकडं तक्रार दिली. मजकूर माझ्या अक्षरात होता. महिना गेला, आणि एके दुपारी चंद्रभानभाऊंची सायकल माझ्या दाराशी थांबली. रजिस्ट्री होती, कारखान्याच्या नागपूरच्या वकिलाची.

मी काय केलं असेल? आतून कडी लावली. आपल्याकडं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलंय, नोटीस घेतलीच नाही तर ती लागत नाही. मी दाराआड श्वास धरून उभी. त्यांना माझ्या बांगड्या ऐकू आल्या असणार. ते दाराबाहेरूनच, हळू आवाजात बोलले.

"बाई, घेतली नाई म्हनून ते टळत नाई. 'नाकारली' असा शेरा मारला, त कोर्ट म्हनते भेटली. आन वाचलीच नाई त उत्तर काय देसान? आज मी 'दार बंद' लिहितो. उद्या येतो."

ओमप्रकाश साहेब, दार खरंच बंद होतं. शेऱ्यात खोट काढू नका.

दुसऱ्या दिवशी मी सही केली. आत लिहिलं होतं, पंधरा दिवसांत लेखी माफी मागा, तक्रार मागे घ्या, नाहीतर पंचवीस लाखांची भरपाई. शून्यं मोजायला मला दोनदा बोट ठेवावं लागलं. खोटं कशाला सांगू, मी माफीपत्र लिहिलं. नोकरी जाईल, घर जाईल, पोरगी शिकतेय. ते घेऊन मी पोस्टात गेले. चंद्रभानभाऊंनी पाकीट हातात घेतलं नाही, आधी विचारलं, "पंधरा दिवस हायेत ना? मंग आजच काऊन?"

मी म्हटलं, मी एकटी आहे हो.

त्यांनी पावतीपुस्तक बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "दुसऱ्याच्या डाकेबद्दल बोलाची मले मनाई हाये. तुमी रोज घरोघरी भेटी देता. एक दिवस ते नोटिशीचं पाकीट पिशवीत घेऊन फिरा."

मी फिरले. पहिलं घर आपल्या तानबाजींचं, हे पहिल्या रांगेत बसलेत ते. पाकीट पाहिलं आणि ते काही न बोलता बकऱ्यांच्या गोठ्यात गेले, आणि कडब्याच्या पेंढीतून तस्संच पाकीट काढून घेऊन आले. फोडलेलंही नव्हतं. मी ते फोडून वाचायला घेतलं: "आपण अंगणवाडी सेविका असून आपल्या पदाचा गैरवापर केला आहे." तानबाजींनी मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "म्हंजे मले बी मानधन भेटन का?"

आठ दिवसांत मी पहिल्यांदा हसले. हसू आलं आणि भीती निम्मी झाली. ज्या वकिलाला नावाबरोबर मजकूर बदलायचीही फुरसत नव्हती, त्याला आम्ही शाप देणारा ऋषी समजून घाबरत होतो. सात घरांत सात नोटिसा निघाल्या. कुणी पेटीत, कुणी देवाच्या फोटोमागं लपवलेली. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्या एकट्यालाच आलीय. पैसेवाल्याचा सगळा हिशेब तेवढ्यावरच तर होता.

माफीपत्र मी चुलीत घातलं. वर्ध्याला फुकट कायदेशीर मदत मिळते, तिथल्या लीना वकीलबाईंनी सातांचं मिळून एक उत्तर लिहिलं: तक्रार खरी आहे, पाणी तपासा. ते पाठवताना चंद्रभानभाऊंनी पावती फाडून दिली, आणि शिक्का जरा जोरातच मारला. पुढं मंडळानं पाण्याचे नमुने नेले, कारखान्यानं नाल्यात सोडलेला पाइप बंद झाला. नाला अजून पुरता निवळला नाही, हे मान्य. पण या महिन्यात माझ्या रजिस्टरात खाजेचा रकाना कोरा आहे.

आता शेवटचं. चंद्रभानभाऊंनी आज सकाळी नोकरीतली शेवटची डाक वाटली. ती माझ्याच दारी होती. हे पाहा पाकीट, वकील तोच. पाइप पुन्हा सुरू करायचा कारखान्याचा अर्ज आलाय आणि आपण हरकत घेतलीय, त्याचंच असणार. दार उघडं होतं, सही मी उंबऱ्यातच केली. फोडलेलं मात्र नाही, कारण ते माझ्या एकटीचं नाही. मागच्या वेळी सात पाकिटं आली होती. या वेळी एकच आहे, आणि वर सातही नावं आहेत. आपण एकत्र आहोत, हे आता त्यांनाही कळलंय.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ ऐकून घेतलेल्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. आणि चंद्रभानभाऊ, तुम्हाला भर उन्हात दाराबाहेर उभं ठेवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही, तेवढं माझं पोटात घाला. आता चहा होईल, मग हे पाकीट आम्ही सातही जण इथंच उघडू. तुम्ही खुर्ची पुढं ओढून बसा. आज तुम्हाला पुढच्या घरी जायचं नाही.