मस्कतच्या वकिलाचा कोट

— आणि उठायचं नाही, काय? उठून जाणार कुठे? कोट माझ्या टेबलावर, अर्धा ओला, आणि कोर्टात काय नुसत्या शर्टावर जाणार? बसा. आत्ता फोनवर तुम्ही घरी सांगितलंत ना — ‘अगं, एका लाँड्रीवाल्याची केस आहे, जेवायच्या वेळेपर्यंत मोकळा होतो’ — तो लाँड्रीवाला मीच हो! उत्तम शिगवण! — अहो दचकू नका, चहा सांडेल परत, कोटावर सांडलात तेवढा पुरे झाला. मी तुमच्याशी बोलू नये, तुम्ही माझ्याशी बोलू नये — ठाऊक आहे मला, माझे जहूर वकील रोज बजावतात, समोरच्या पार्टीच्या वकिलाशी चकार शब्द काढायचा नाही म्हणून. तर तुम्ही नका बोलू. मी कोटाशी बोलतो. कोटाशी बोलायला काय कायद्यात बंदी नाही ना? — हसलात! बघा, हसलात! काय रे कोटा, गाव कुठलं तुझं? — चिपळूण? अहो काय सांगता! मी सावर्ड्याचा! हाकेच्या अंतरावर, आणि भेटलो कुठे, तर मस्कतपासून इतक्या लांब, इब्रीच्याही पुढे या वाळवंटात! इथे बारा गावचे लोक आहेत, मलबारी आहेत, बंगाली आहेत, पण मराठी माणूस औषधाला नाही. स्वतःशी मराठीत भांडतो मी, जीभ गंजू नये म्हणून!

आणि कौशिकराव — फोनवरच ऐकलं नाव — खरं सांगू, तुम्हा लोकांना माझ्यावर सोडलंय हे कळलं ना, त्या दिवशी मी दुकानात नाचलो! आमच्या बलदियाचे, म्हणजे नगरपालिकेचे, स्वतःचे वकील आहेत की पगारावर. ते पुरेनात! एका उत्तम शिगवणसाठी बाहेरून, मस्कतच्या अल् खुवैरहून, काचेच्या ऑफिसातली फौज मागवली! तुमचे ओमानी साहेब उभे राहणार, तुम्ही कागद पुरवणार — किती मान तो! प्रेमाला फोन केला — माझी बायको — म्हटलं, अगं माझ्याविरुद्ध मस्कतचे वकील लावलेत! ती म्हणते, मग पेढे वाटू का? म्हटलं वाट! वेडी खरंच वाटून आली सगळ्या आळीत. कशाचे म्हणून विचारलं तर म्हणते, ह्यांचं नाव मोठं झालं!

बाही फिरवतो जरा — हं. तुमच्या फायलीत काय लिहिलंय मला माहीत नाही, पण गोष्ट एवढीशी आहे. राष्ट्रीय दिनाला बलदियाच्या मोठ्या साहेबांनी घालायचा बिश्त — तो सोनेरी काठाचा झगा हो — इस्त्रीला आला माझ्याकडे. मी केला, जाफर येऊन घेऊन गेला, त्यांचा कारकून. नंतर बिश्त मिळेना, तर जाफर शपथेवर म्हणाला, मी नेलाच नाही. झालं! सरकारी माणसाचा शब्द एकीकडे, लाँड्रीवाल्याचा दुसरीकडे — खलास. आत. मग ईद आली, सुलतानांनी कैद्यांना माफी दिली, त्यात माझं नाव, बाहेर. आणि पुढच्या राष्ट्रीय दिनाला झेंडे-पताका काढायला म्हणून बलदियावाल्यांनी त्यांची स्वतःची पेटी उघडली — तर पताकांत गुंडाळलेला बिश्त! घडी माझी! काठावर कागद घालून घडी करतो मी, ती तश्शी! जाफरनंच ठेवला आणि जाफरच विसरला. मी एवढा हसलो, एवढा हसलो, की शेजारच्या जैनुद्दीनला वाटलं मला झटका आला. आणि मग बलदियावर केस ठोकली.

आणि तुरुंग म्हणाल तर — जहूर वकील म्हणतात, कोर्टात सांग, झोप लागत नव्हती, अन्न जात नव्हतं. अहो कसलं! एसीत झोपायचो! तिथेही इस्त्रीच होती हातात, शिपायांच्या वर्दीला अशी धार काढून द्यायचो की वरचे साहेब खूश, मला भाताबरोबर मटणाचा जास्तीचा तुकडा. पोट सुटलं माझं, बघा की — आं? लिहून घेताय? फोनवर? — अरे देवा, हे बोलायचं नव्हतं मी. घ्या, घ्या लिहून, पोटाचीच बातमी आहे, लपणार थोडीच. आपल्या माणसासमोर तोंड सुटतं बघा.

पण आता लिहिताय तर हेही लिहा. पूर्वी माझ्याकडे लोक गाडीतून गठ्ठा फेकायचे. काच खाली, गठ्ठा आत, ‘यल्ला उत्तम, संध्याकाळी’, गाडी पुढे. आता उतरतात. माझ्यासमोर एकेक कपडा मोजतात. देताना मोजतात, नेताना मोजतात. बिश्त सापडला हे सगळ्या गावाला माहीत आहे — तरी मोजतात. चांगली माणसं आहेत, चहा पाजतात, मोजतात. जैनुद्दीन — मी आत असताना ज्यानं माझं दुकान झाडलं — तोही परवा लुंग्या मोजून देत होता, आणि त्याचं त्यालाच कळलं नाही. मी हसलो. काय करणार? — तुमचं म्हणणं काय कोर्टात, माफी मिळाली, मग तक्रार कसली? अहो पण माफी कशाची? न केलेल्याची? मला ती भरपाई-बिरपाई द्या, न द्या. त्या मोठ्या खुर्चीतल्या जज्जानं भरल्या कोर्टात एवढंच म्हणावं, उत्तमनं घेतला नव्हता. मोठ्यानं. मग गठ्ठे फेकतील परत. एवढ्यासाठी भांडतोय मी.

आणि आज सकाळी काय झालं सांगू? तुम्ही घाईघाईत आलात, कोट काढलात, माझ्या अंगावर टाकलात आणि बसलात फोनवर. खिसासुद्धा बघितला नाहीत! आतल्या खिशात तुमचं सोनेरी टोपणाचं पेन, ते तसंच! माझा ऊर असा भरून आला म्हणता — इतक्या दिवसांत पहिला माणूस! आणि निघाला कोण, तर समोरच्या पार्टीचा वकील, आणि तोही चिपळूणचा! सांगा, माणूस नाचेल नाही तर काय करेल? केस तुम्ही जिंकलात तरी पेढे माझ्याकडून, जा!

झाला. उभे राहा, मीच घालतो — हा हात, हा दुसरा. चहाचा मागमूस आहे का बघा. आहे? नाही! कॉलर अशी बसलीय की जज्जसाहेब तुमच्याकडेच बघत राहतील. पेन होतं तिथेच परत ठेवलंय. शाब्बास, कौशिकराव, आता दिसताय खरे मस्क —

...

त्या खिशात नाही. डावीकडे. आतल्या खिशात.

आहे ना?

नाही, नाही. असू दे. बघावं माणसानं. सगळेच बघतात.

पैसे नकोत. निघा साहेब. मला दुकान बंद करायचंय.