बाटलीवरचं नाव

आण्णासाहेब : चपला भायेर काढल्यात, ताई. पायात हे पिशवीवानी बी घातलं. आता दावा की तिला.

मैथिली : दाखवते आण्णा. बाटलीला तेवढा हात लावू नका. उद्या तुमच्या सत्काराला कुलगुरू येणारेत, तोवर जपायचीय. या, ह्या भिंगातून बघा.

आण्णासाहेब : सत्यभामा… म्या आलोय गं. ताई, गेल्या साली म्याच अग्नी दिला हिला. आन आज तामलवाडीत सांगून आलो, आमची मालकीण विद्यापीठात अजून जिती हाय म्हणून. भजनी मंडळातल्या बाया रडाया लागल्या.

मैथिली : तळाला चिकटून बसलेत ते ठिपके दिसतात?

आण्णासाहेब : दिसत्यात. त्यातला एक गोल फुगून वर आलाय. बगायलीय जणू माझ्याकडं.

मैथिली : ती पेशी आता दोन होणार.

आण्णासाहेब : होऊ द्या. एकटी कवाच न्हाई राहिली ती. कीर्तनात टाळ घेऊन उभी राहिली की भवती धा बाया लागायच्या.

मैथिली : इथंही आम्ही प्रयोगशाळेतली पोरं आहोत की. रोज एकाची पाळी असते, काकूंना जेवण द्यायची. मुकुल तर हे उबेचं कपाट उघडलं की आधी विचारतो, ‘काकू, झोप झाली का?’ देवश्री माहेरी गेली तरी फोन करून चौकशी करते. मी मग ओरडते, तुझ्या सासूची इतकी केली असतीस तर!

आण्णासाहेब : लई केलं तुमी पोरांनी. जेवाय काय देता?

मैथिली : ते गुलाबी पाणी आहे ना, तेच. साखर, क्षार, आणि वासराच्या रक्तातलं पिवळं पाणी.

आण्णासाहेब : वासराच्या रगताचं?

मैथिली : त्याशिवाय ह्या जगत नाहीत, आण्णा.

आण्णासाहेब : ताई, तिच्या गळ्यात तुळशीची माळ व्हती. पोरांनी घरात अंडं आणलं तर चूल सारवून काढायची. रगत पिऊन जगणारी माझी बायको न्हवं. कोण हाय ह्यात?

मैथिली : ऑपरेशनच्या वेळी तुम्ही सही केलीत ना… तो तुकडा कॅन्सरच्या गाठीचा होता. काकू गेल्या. गाठ जगली.

आण्णासाहेब : म्हंजी जिनं तिला खाल्लं…

मैथिली : हो. तीच.

(कपाटाची बारीक घरघर चालू.)

आण्णासाहेब : आन तुमी हिला झोप झाली का इचारता.

मैथिली : मायेनंच हो! आमच्या हातून पहिल्यांदाच अशा पेशी शरीराबाहेर जगल्या. काकूंचं नाव राहावं म्हणून ‘सत्यभामा-एक’ ठेवलं. पुण्याला पाठवल्या, हैदराबादला पाठवल्या.

आण्णासाहेब : तितं बी सत्यभामाच म्हणत्यात?

मैथिली : हो.

आण्णासाहेब : आन मरत न्हाय ही?

मैथिली : खायला घालणारं कुणी असेल तोवर नाही. आपण गेल्यावरही.

आण्णासाहेब : बुवा कीर्तनात चौऱ्याऐंशी लक्ष योनी सांगत्यात. त्यात ही कुटं बसती, पांडुरंगालाच ठावं. ताई, ह्या बाटलीवरनं नाव काढा.

मैथिली : आण्णा, उद्या त्याच नावानं सत्कार आहे. वनमाला मॅडमनी आयुष्य घातलंय ह्यात. माझी पीएचडी त्यांच्या हाताखाली…

आण्णासाहेब : मग उद्या शाल पांघरून म्या कुणाच्या नावाच्या टाळ्या ऐकू? तिच्या, का तिला नेणारीच्या?

मैथिली : थांबा. स्पिरिट घेते. हे बघा, पुसलं. पुण्या-हैदराबादचं माझ्या हातात नाही, पण मॅडमना आत्ताच सांगते. रागावू देत.

आण्णासाहेब : ह्या दुसऱ्या बाटलीवर बी हाय की नाव.

मैथिली : तिच्यात गाठ मारायचं आमचं औषध घातलंय. तीही उद्या दाखवायची. बघा.

आण्णासाहेब : ह्या तर सुटून वर तरंगायल्यात.

मैथिली : मेल्यात, आण्णा. सगळ्या. द्या इकडं, तिच्यावरचंही पुसते.

आण्णासाहेब : न्हाय. हिच्यावर राहू द्या.